दिवे दिले, पंखा ठेवला

परळीच्या दिवेवाल्यानं मला फसवलं. मी त्याला फसवलं नव्हतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या दिंद्रुडच्या पारावर आता ही गोष्ट उलटी सांगतात आणि हसतात.

वीस वर्षं मी नेकनूरच्या बाजारात जनावरांची दलाली केली. सुरुवातीला लोकांचे बैल धरून उन्हात उभा राहायचो, नंतर सौदे जुळवायला लागलो. आमच्या बाजारात जनावराची किंमत तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. समोरच्याचं बोट किती वेळ अडखळतं, त्यावरून मला त्याच्या घरातली गरज कळायची. दुसरा रिवाज दाव्याचा. जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकणारा सोडून घेतो. जनावराबरोबर घरातली लक्ष्मी जाऊ नये म्हणून.

दोन वर्षांपूर्वी परळीचा एक विजेच्या सामानाचा दुकानदार माझ्याकडून गाय घ्यायला आला. सौदा झाला, मी दावं सोडलं. गडी मोकळ्या हातानं आला होता. गाय निघाली कडब्याच्या गाडीकडं, आणि हा शिंग धरून तिच्याबरोबर पळत चालला.

"मालक, एवढं दावं राहू द्या की," तो म्हणाला.

"रिवाज हाय. मोडता येत न्हाई."

मग मी पिशवीतून दुसरं, नवं दावं काढलं आणि त्याला विकलं. चढ्या भावानं. आजूबाजूचे हसले, तोही हसला. याला कोणी फसवणूक म्हणत असेल तर त्यानं आधी एक दिवस बाजारात उभं राहून दाखवावं.

पुढं दलाली सोडून मी रोपवाटिका काढली. मिरचीचं रोप बाहेर ठेवलं की बोकड्या पडतो, पानं आकसून जातात. तो पसरवणारे किडे उघड्यावर आवरत नाहीत, आणि गेल्या साली गारपिटीनं रोपांवरची जाळीच फाडली. म्हणून कडब्याची जुनी, खाली विटांची आणि वर पत्र्याची खोली झाडली, फटी बुजवल्या आणि रोपं दिव्यांखाली वाढवायचं ठरवलं.

पारावरचा दोस्त म्हणाला, "का रं, बीड जिल्ह्यात ऊन विकत आणणारा तू पैलाच."

असे दिवे परळीच्या त्याच दुकानदाराकडं होते. मागच्या खोलीत त्यानं ते लावून दाखवले. जांभळट उजेड, खाली कोथिंबिरीचे ट्रे, आणि खोली गार. भिंतीत वरच्या अंगाला एक मोठा पंखा गरम हवा बाहेर फेकत होता. मी गल्ल्यापाशीच त्याच्या हातावर उपरणं टाकलं.

"समदं, जसं दिसतंय तसं," मी म्हणालो.

त्याचं बोट एकदाही अडखळलं नाही. मी दाबलं, त्यानं मानलं. वीस वर्षांत इतक्या लवकर मानणारा माणूस मी पाहिला नव्हता. तिथंच मला कळायला हवं होतं.

घरी येऊन खोकी उघडली. दिवे होते, तारा होत्या, पंखा नव्हता. फोन लावला.

"मालक," तो शांतपणे म्हणाला, "जनावर गेलं, दावं आमच्यापाशी राहिलं. रिवाज हाय. मोडता येत न्हाई."

यावर मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नवं दावं हाय दुकानात. चढ्या भावानं."

मी पंखा घेतला नाही. दुसऱ्या दुकानातूनही घेतला नाही, कारण कुठूनही घेतला असता तरी सौदा त्यानंच जिंकला असता.

महिना मे. मृगाच्या आधी रोपं देतो, असा शब्द मी ऊसतोडीवरून परतलेल्या वीस घरांना दिला होता. त्यांनी दुसरीकडं कुठं सांगून ठेवलं नव्हतं. आणि इकडं खोलीचं दार उघडलं की भट्टीचं तोंड. परळीत कोळसा जाळून वीज करतात आणि ती वीज जाळून मी मिरच्या भाजत होतो. दिवे हातभर वर उचलले. पत्र्यावर चुना मारला. दिवसा दिवे बंद ठेवून रात्री लावायला लागलो. कूलर आणला, तर कोंडलेल्या दमट हवेत रोपं बुडातून आडवी पडली. चार फळ्या रिकाम्या झाल्या. मी कूलरला लाथ मारली. त्याला काही झालं नाही, माझा अंगठा सुजला.

दुसऱ्या दिवशी लंगडत आत गेलो, तर त्या रिकाम्या फळ्यांवर जुन्या लुगड्याचं कापड अंथरून बायको कुरडया घालत होती.

"हे काय?"

"कुरडया. भाईर धुरळा लई. हितं झाक वाळत्यात."

"अगं, ही रोपांची खोली हाय."

"मंग रोपं कुठं हायती या फळ्यांवर?"

संध्याकाळी ती कुरडया उलटायला आली. वरच्या फळीवरची एक तिनं कडकन मोडून दाखवली, मग खालच्या फळीवरची बोटानं दाबली. ती अजून ओलीच होती.

"अवो, धग समदी वर बसलीया. तिला वाट द्या की. चुलीला धुराडं असतंय, ते काय शोभेला?"

सकाळी मी छपराखालचा एक पत्रा काढला आणि भोकाला बारीक जाळी मारली. खाली, लिंबाच्या सावलीकडच्या भिंतीतल्या चार विटा काढल्या, तिथंही जाळी. दिव्यांच्या तारांना मधे वीज बदलून देणारे जे डबे होते त्यांना हात लावला तर चटका बसत होता. लांब वायर जोडून ते सगळे बाहेर ओट्यावर आणले. बायकोनं लगेच त्यांच्यावर पापडाची परात ठेवली.

खोली काही गार झाली नाही. पण उरलेल्या रोपांनी तग धरला. विसातल्या बारा घरांना पुरतील एवढी रोपं वाचली. आठ घरांना मी परत पाठवलं. त्यातली एक बाई रिकामी पाटी काखेत धरून म्हणाली, "दादा, तुमचा शब्द म्हणून आमी थांबलो व्हतो." माझ्याशी घासाघीस करून आजवर कोणी जिंकलेलं नाही, पण ती बाई जिंकली.

पारावर म्हणतात, जशास तसं झालं. बायको म्हणते, "दावं तुमीच विकलं व्हतं." विकलं होतं. नाकारत नाही. पण मी दावं ठेवलं तेव्हा त्याला शंभर पावलं पळावं लागलं, आणि गाय घरी जाऊन दूध देत राहिली. त्यानं पंखा ठेवला तेव्हा आठ घरांची मिरची गेली. दावं गायीच्या गळ्यात असतं. पंखा तिचं नाक होता. नाक कापून घेऊन गाय विकायचा रिवाज कोणत्या बाजारात आहे?

येत्या बाजाराला त्या दुकानदारानं नेकनूरला यावं, जिथं त्यानं माझ्याकडून दावं घेतलं त्याच जागी. त्या आठ घरांना मी बोलावून आणतो. पंखा म्हणजे दावं कसं, ते त्यानं त्यांना सांगावं. उपरण्याखाली बोटं दाबून नाही. तोंडानं.