मधल्या खोलीतला कापूस

मुलीचं सासर दोंडाईच्याजवळच्या खेड्यात. नातीला दमा आहे, म्हणून कापूस वेचणीच्या दिवसांत मी आठवडाभर तिथे राहायला गेले. सोबत औषधाची वाफ देणारं मशीन म्हणजे नेब्युलायझर, दोन मास्क, औषधाच्या कुप्या आणि माझी वही. वाफ किती वाजता दिली, त्याआधी पोर काय करत होती, सगळं मी लिहून ठेवते.

विहीणबाईंना ते मशीन सहन होत नव्हतं.

"पोरले सवय लागी जाई," त्या म्हणाल्या. "सकाळे दिन्ही, दुपारे परत मांगस. व्यसनच शे हाई."

"व्यसनाने श्वास मोकळा होतो का, विहीणबाई?"

"तुम्ही धुळ्यानी माणसं. तुमले बठ्ठं माहीत."

घरात धड चालणारा प्लग एकच, मधल्या खोलीत. त्याच खोलीत कमरेएवढा कापसाचा ढीग. पहिल्या वेचणीची लक्ष्मी घरातच ठेवायची, ही त्यांची रीत. नात दुपारी त्या ढिगावर झोपायची आणि घरघरत उठायची. मग ढिगाला टेकूनच मी तिच्या तोंडाला मास्क लावायची. तीन दिवस मी हेच केलं, याचा राग मला अजून येतो.

चौथ्या दिवशी वाफ अर्ध्यावर असताना विहीणबाईंनी प्लग काढला आणि मोबाइल चार्जिंगला लावला. मी तो मोबाइल उपटून कापसावर फेकला आणि मशीन सुरू केलं. मग वही उघडली. दुपारच्या प्रत्येक नोंदीआधी एकच ओळ होती: कापसावर झोपली.

वही मी त्यांच्यापुढे धरली. "कापूस आजच बाहेर काढा."

"लक्ष्मीले बाहेर काढू? पोरले तिनी मायनीच नाजूक करी ठेवेल शे."

तिची माय, म्हणजे माझी मुलगी, मोरीत भांडी घासत राहिली.

दोन तासांत नातीच्या बरगड्यांखालचं पोट पुन्हा आत ओढलं जाऊ लागलं. चार तासांच्या आत परत वाफ लागली तर दवाखाना गाठायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मास्क लावला आणि रिक्षा बोलावली. मुलगी हात पुसत आली, सासूकडे न बघता पोरीला घेऊन रिक्षात बसली.

दवाखान्यातून दोघी थेट माझ्याकडे धुळ्याला आल्या, त्या अजून इथेच आहेत. वहीत वाफेच्या नोंदी विरळ झाल्या आहेत.

दर रविवारी विहीणबाईंचा फोन येतो. "पोरले कधी धाडशात?"

"मधली खोली रिकामी झाली?"

त्या फोन ठेवतात. तेही मी वहीत लिहिते.