दादाचं सायकस

आमचा जनार्दनदादा गेला तेव्हा चांदोदच्या घाटावर दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या झाडावर बसलेले सगळे, पण खाली यायचं नाव नाही. सासरी असलेल्या लेकीचं माहेर तुटू देणार नाही, घर विकणार नाही, सगळं बोलून झालं. शेवटी अहल्यावहिनी पुढे झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "तुमचं सायकस मी जपेन." तसा कावळा आलाच.

मी दादाची धाकटी बहीण, निरुपमा. मला रडताना हसू फुटलं. बायको-लेक सोडून माणसाचा जीव अडकावा कशात, तर कुंडीतल्या एका झाडात! पण दादा होताच तसा. गोरव्याच्या कारखान्यातून रिटायर झाला आणि निजामपुऱ्याच्या घरी ओट्यावर त्या झाडाची चाकरी करत बसला. वर्षातून एकदा पानं फुटायची, तीही सगळी एकदम, कोवळी, टोकाशी गुंडाळलेली. तेवढे दिवस कुणी जवळून गेलं तरी खेकसायचा. पाणी माती कोरडीठाक झाल्यावरच, आणि तेही कडेकडेने. मधल्या कोंबावर थेंब पडलेला त्याला खपत नसे. कोंब कुजला की झाड संपलं, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

आणि वहिनींनी काय करावं? रोज पूजा आटोपली की तांब्याभर पाणी, महादेवाला घालावं तसं, थेट झाडाच्या डोक्यावर. शेजारच्या गुजराती बेन कौतुकाने बघायच्या. मी एकदा पाहिलं आणि तांब्या काढून घेतला. वहिनी नुसत्या हसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हळूहळू पानं पिवळी पडली. आणि तेव्हापासून वहिनी सांगायला लागल्या, पहाटे ओट्यावर ह्यांचा खोकला ऐकू येतो, तपकिरीचा वास येतो. मी थट्टेवारी नेलं. मग एकदा त्यांच्याकडे मुक्कामाला असताना मीच ऐकला. आधी घसा खाकरायचा, मग खोकायचा, अगदी तस्सा. दार उघडलं तर बाहेर कुणी नाही. मी काही भित्री नाही हो, पण दार लावून आधी कडी घातली. वचन मोडलं, म्हणून माझा भाऊ दारातच अडकून पडलाय, हे तेव्हाच मनाने घेतलं.

उजाडल्यावर कोंबाला बोट लावलं, तर तो गाळासारखा हातात आला. घाण वास. मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. एवढं एक काम होतं, तेही धड जमू नये? भाबडेपणाला काही धरबंध? बुडाशी झाडाचं एक पिल्लू मात्र ठणठणीत होतं. म्हटलं, हे काढून लावू, वचन राहील, दादा सुटेल.

वहिनी चहा गाळत होत्या. घरात आम्ही दोघी आणि कप तीन.

"वन्सं, कोंबात पाणी गेलं की कुजतं, हे मला ठाऊक नव्हतं असं वाटतं तुम्हाला? ह्यांच्या तोंडून रोज तेच ऐकलंय मी."

मग म्हणाल्या, "घाटावर चार लोकांत बोलून बसले मी. घरी आले तर घर खायला उठलं. झाड जगलं असतं तर हे गेले असते."

मी खूप बोलले. पाप आहे म्हटलं, स्वतःसाठी त्याला कोंडून ठेवलंत म्हटलं. वहिनींनी पिल्लू मुळासकट सोडवून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, तुम्ही लावा, माझ्याच्याने होणार नाही.

ते पिशवीत घालून पादऱ्याला माझ्या घरी आणलं. कुंडी आणली, रेती-माती कालवून ठेवली. रोज म्हणते, उद्या लावू. आता दादाला सोडायचं तर मीच सोडायचं आहे. पिल्लू अजून पिशवीतच आहे.