शकुंतलाबाईंची तेलुगूची परीक्षा

शकुंतलाबाई बोरकुटे यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या डोळे मिटून गवतात पडल्या होत्या. उटनूरच्या ओढ्याकाठी, मोहाच्या झाडाखाली, आणि त्यांच्या भोवती शाळेतल्या काही मुलीही तशाच आडव्या. मी माळ्याची पोर. डोक्यावर मेथी-वांग्यांची पाटी घेऊन बाजाराला निघाले होते. या सगळ्या जणींना काही बाधा झाली की काय, या भीतीने माझे पाय थबकले. तेवढ्यात डोळे न उघडताच बाई म्हणाल्या, "कोण आहे? पाटी उतरव आणि पड इथं."

"भाजी सुकंल ना, बाई."

"ओढ्याचं पाणी शिंपडू तिच्यावर. डोळे मीट आणि काय काय ऐकू येतं ते सांग."

मी पडले. आधी काहीच ऐकू आले नाही. मग पाणी ऐकू आले, मग होल्याचे घुमणे, मग पाचोळ्यातून काहीतरी सरपटत गेलेले. आणि मग, स्वप्नात कुणी हाक मारावी तशी, फार दुरून एक कुरकुर आली. मी म्हणाले, "आमच्या मळ्यातली मोट चालून राह्यली." मुली खुदकन हसल्या, कारण आमचा मळा गावाच्या पार पलीकडे होता. बाई मात्र हसल्या नाहीत. उठून बसत त्या म्हणाल्या, "हिला दूरचं ऐकू येतं. हिला पथकात घेऊ." शाळेच्या वीरबाला, म्हणजे गर्ल गाइडच्या, पथकात आणि पाठोपाठ शाळेतही माझा प्रवेश झाला तो असा. ती निसर्गाच्या बिल्ल्याची तयारी होती, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले.

त्या दिवसांचे वातावरण आजच्या वाचकांना थोडे सांगायला हवे. निजामाचे राज्य जाऊन फार काळ लोटला नव्हता. माझे वडील उर्दूत अर्ज करायला शिकले होते आणि आता ते शिकलेले वाया गेले म्हणून चिडलेले असत. शाळेत नव्याने मराठी वर्ग निघाले आणि त्यांच्यासाठी प्राणहितेच्या पलीकडून, चांदा जिल्ह्यातून, बाई आल्या. वय विशीच्या थोडे पुढे, एकट्या. मुलींनी कमरेला दोरी बांधून रानात हिंडावे, गाठी शिकाव्यात, जखम बांधावी, आणि प्रत्येक विद्येची परीक्षा देऊन बाहीवर कापडी बिल्ला शिवावा, असले काही गावाने कधी ऐकले नव्हते.

माझ्या वडिलांनी साफ नकार दिला. "पोरी जंगलात जाऊन काय करून राह्यल्या? आमाले नाई पाठवायची." बाई घरी आल्या. वाद घालतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, "दादाजी, बागकामाच्या बिल्ल्याला परीक्षक पाहिजे. तुमच्यापेक्षा चांगला मी कुठून आणू?" महिन्याभराने वडिलांनी धुतलेला फेटा बांधून मुलींचे वाफे तपासले आणि साऱ्यांदेखत मलाच नापास केले. "कांद्याचं रोप इतकं दाट लावते काय? उपट अन् पुन्हा लाव." मी रडत घरी गेले. पण त्या दिवसानंतर मला पथकात जाऊ नको असे ते कधीही म्हणाले नाहीत.

बिल्ला दयेने द्यायचा नाही, हा बाईंचा नियम होता आणि तो त्यांनी स्वतःलाही लावला. स्वयंपाकाच्या बिल्ल्याची परीक्षा त्यांनी कधीच घेतली नाही. "मला खिचडी येत नाही, तर मी कुणाला पास करू?" असे म्हणून त्या शेजारच्या काकूंना बोलावत. बाईंची खिचडी खाल्लेल्या सर्व माजी विद्यार्थिनी या निर्णयाला दुजोरा देतील.

मग भाषावार प्रांतरचनेचे दिवस आले. कोणते गाव कुणीकडे जाणार, याच्या वावड्या बाजारात भाजीबरोबर फिरत. सरतेशेवटी आम्ही तेलुगूच्या राज्यात आलो. शाळेत तेलुगू वर्ग वाढले आणि कचेरीतल्या नव्या लोकांच्या मुली शाळेत आल्या. त्यांतली राजेश्वरी माझ्याच वयाची. तिचे वडील जंगल खात्यात कारकून. मधल्या सुट्टीत त्या मुली एका भिंतीला आणि आम्ही दुसऱ्या भिंतीला टेकून बसायचो. त्यांना पथकात घेऊ नका, असे आमच्यांतले काही पालक म्हणाले. मराठी बाईंच्या हाताखाली पाठवणार नाही, असे त्यांचे पालक म्हणाले. पथक मोडणार, असे आम्हाला वाटू लागले.

बाईंनी तेव्हा एक नवाच बिल्ला काढला: दुभाष्याचा. मराठी मुलीने तेलुगू शिकायचे, तेलुगू मुलीने मराठी, आणि शिकवायचे एकमेकींनीच. नियम एकच होता. दोन माणसांच्या मध्ये उभे राहून याचे त्याला सांगायचे. आपले अक्षर घालायचे नाही आणि त्याचे अक्षर गाळायचे नाही. आणि या बिल्ल्यासाठी पहिले नाव बाईंनी स्वतःचे दिले. "मलाही येत नाही ना तेलुगू," त्या म्हणाल्या. त्यांची गुरू झाली राजेश्वरी. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर ती बाईंना शब्द म्हणायला लावी आणि चुकले की टाळी वाजवून ओरडे, "कादु, बाई, कादु!" कादु म्हणजे असे नाही. बाई मान खाली घालून पुन्हा म्हणत. ते पाहायला दोन्ही भिंतींच्या मुली जमू लागल्या आणि कधी एका ठिकाणी बसू लागल्या ते आमच्या ध्यानातही आले नाही.

परीक्षा त्या हिवाळ्यात बेज्जूरकडच्या शिबिरात ठरली. एका कापूस व्यापाऱ्याच्या रिकाम्या ट्रकमधून आम्ही गेलो. ट्रकच्या फटींतून उरलेला कापूस वाऱ्याने उडत होता, तो साऱ्यांच्या केसांत अडकला. दोन्हीकडे सागाचे रान मागे पळत होते आणि आम्ही अर्धवट झोपेत एकमेकींच्या भाषेतली गाणी चुकीची म्हणत होतो. आजही डोळा लागता लागता कधी कधी मी त्या ट्रकमध्ये असते.

परीक्षेच्या सकाळी प्राणहितेवर इतके धुके होते की नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. परीक्षक म्हणून आलेले वयस्कर तेलुगू शिक्षक, ज्यांना सारे पंतुलु म्हणत, वाळूवर घोंगडी टाकून बसले होते. एवढ्यात धुक्यातून एक डोंगा काठाला लागला आणि उंच, खांद्यावर शाल घेतलेले एक गृहस्थ उतरले. बाई चमकल्या. ते त्यांचे थोरले भाऊ होते.

"शकू, सामान बांध," ते म्हणाले. "तिकडच्या शाळेत तुही जागा पक्की केली. या आठवड्यात हो म्हटलं नाई, तर जागा गेली. इकडं आता आपलं काय राह्यलं?"

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "दादा, आज माझी परीक्षा आहे. ती होईपर्यंत थांबा."

मराठी बोलणारा म्हणून जो शेतकरी परीक्षेला यायचा होता, तो धुक्यामुळे पोचला नव्हता. पंतुलुंनी दादांकडे पाहिले आणि समोर बसायची खूण केली. परीक्षा सुरू झाली. पंतुलु तेलुगूत विचारत, बाई ते मराठीत सांगत, दादांचे उत्तर तेलुगूत परत नेत.

"ते विचारतात, एवढ्या धुक्यात नदी ओलांडून तुम्ही काऊन आले?"

"बहिणीले न्यायले."

"ते विचारतात, तिला इथं काही त्रास आहे का?"

दादांनी खांद्यावरची शाल सावरली. मग म्हणाले, "आज नाई. पण उद्या शाळा तेलुगू, कचेरी तेलुगू. ही इथं परकी होऊन बसंल. म्हातारपणी आपल्या भाषेत दोन शब्द बोलायले हिच्याजवळ कोणी राह्यणार नाई."

बाई थांबल्या. 'परकी'ला शब्द सापडेना. राजेश्वरीचे ओठ हलले, पण सांगायला मनाई होती. हे वाक्य त्या गाळतील, निदान मऊ करतील, असे मला वाटले. त्यांनी शब्द शोधला, आणि जसेच्या तसे, अगदी म्हातारपणासकट, सारे पंतुलुंना सांगितले.

पंतुलुंनी पुढचा प्रश्न केला.

"ते विचारतात, बहिणीचं काय म्हणणं आहे?"

"मले काय मालूम?" दादा गडबडले. "मी तिले विचारलंच नाई. तिलेच विचारा."

बाईंनी तेही पोचवले. तेव्हा पंतुलु त्यांच्याकडे वळून म्हणाले, "चेप्पंडि." सांगा.

धुके आमच्या रुमालांवर बारीक थेंब होऊन बसत होते. मग बाई म्हणाल्या, "इक्कडे उंटा." आणि दुभाष्याचे काम अर्धे राहू नये म्हणून भावाकडे वळून मराठीत म्हणाल्या, "ती म्हणते, मी इथंच राहीन." एवढे बोलून त्या भावाकडे सरकल्या. "मी म्हणते, दादा. मीच म्हणते."

दादा बोटांनी वाळू उकरत राहिले. शेवटी त्यांनी विचारले, "मास्तर, पास झाली का नाई माही बहीण?"

पंतुलु स्वच्छ मराठीत म्हणाले, "व्याकरण कच्चं आहे. पण एक शब्द लपवला नाही. पास."

"तुमाले मराठी येते?"

"आईची भाषा आहे माझ्या," पंतुलु म्हणाले आणि घोंगडी झटकून उठले.

पथकप्रमुखांना बिल्ला द्यायची नियमात सोय नव्हती, म्हणून बाईंना तो मिळाला नाही. मागाहून परीक्षा देऊन मला आणि राजेश्वरीला मिळाला. दादा आमच्या पंगतीला जेवले, खिचडीला नावे ठेवली आणि एकटेच परत गेले. डोंगा दिसेनासा होईपर्यंत बाई काठावर उभ्या होत्या. मग डोळे पुसून त्यांनी आम्हाला तंबूच्या खुंट्या उपटायला लावल्या.

तो निर्णय त्यांना स्वस्तात पडला नाही. मागून आलेले लोक त्यांच्या पुढे गेले. मराठी वर्ग एकेक करून कमी होत गेले आणि बाई तेलुगूत भूगोल शिकवू लागल्या. मराठीचा शेवटचा वर्ग बंद झाला त्या दुपारी मी त्यांना रिकाम्या खोलीत बसलेले पाहिले. धीर करून विचारले, "बाई, पस्तावा होतो का?" त्या म्हणाल्या, "होतो. संक्रांत आली की होतो. मग दादा तिळगूळ घेऊन येतात आणि जातो." दादा हयात असेपर्यंत दर संक्रांतीला आले.

माझ्यावर त्यांचे ऋण किती, ते सांगून संपायचे नाही. परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवण्यासाठी वडिलांना पुन्हा त्यांनीच राजी केले. पुढे नार्नूरच्या दवाखान्यात नोकरीला असताना मी एकटी तापाने पडले, तेव्हा कुणाकडून तरी कळताच बाई बैलगाडीने आल्या आणि माझ्या उशाशी बसून राहिल्या. मला ग्लानी होती. त्यांचा थंड हात कपाळावर आहे आणि त्या मराठी-तेलुगू मिसळून काहीतरी पुटपुटत आहेत, एवढेच आठवते. त्यांनी रांधलेली पेज करपलेली होती. मी ती सगळी प्यायले.

या गौरवग्रंथासाठी संमती घ्यायला मी परवा त्यांच्याकडे गेले. ओसरीवर गल्लीतल्या मुली दोरीच्या गाठी सोडवत बसल्या होत्या आणि तीन भाषांत भांडत होत्या. बाई एका लहान गोंड मुलीसमोर बसून काही शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि ती मुलगी नकाराची मान हलवत होती. "आता गोंडी शिकून राह्यले," बाई मला म्हणाल्या. "ही मास्तरीण फार कडक आहे. पंच्याहत्तरीची सवलत देत नाही." ग्रंथाचे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "लिहा काय लिहायचं ते. पण गाळू नका आणि घालू नका."

मी तसाच प्रयत्न केला आहे. बाईंची दृष्टी, त्यांचे गुडघे आणि त्यांचे खणखणीत हसू अशीच राहोत. ओसरीवरच्या त्या छोट्या मास्तरणीचे समाधान होईपर्यंत, आणि त्यानंतर शिकण्याजोगी आणखी एखादी भाषा त्यांना सापडेल तोपर्यंत, त्यांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, ही आम्हा सर्व मुलींची मनापासूनची प्रार्थना.