साडूंच्या गोळ्या

जळफळाट म्हणजे काय ते नीट शिकायचं असेल, तर माणसानं आमच्या साडूंचा शेजार धरावा. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. बसवकल्याणात त्यांचं कापडाचं दुकान, आणि तिथंच मी हायस्कुलात मास्तर. आम्हा दोघांची कीर्ती एकाच बाबतीत होती, ती म्हणजे आकारात. दुबलगुंडीला सासुरवाडीत जेवायला बसलो की आमच्यामध्ये तिसऱ्याचा पाट मावत नसे. सासूबाई गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, वाढून वाढून दमायच्या आणि साडू मला डोळा मारायचे, "अण्णा, अजून दोन वाट्या हूं म्हणा की!" खाण्यात मी त्यांना कधी हरवू शकलो नाही. माझा हेवा तिथूनच सुरू झाला असावा.

पुढं एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमाराला त्यांना चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायला लागली. मुलगा अमेरिकेत डॉक्टर. तो त्यांना घेऊन गेला, पोट लहान करवलं, आतड्याला वळसा घालून घेतला. आठ महिन्यांनी परत आले ते निम्मेच. उरलेले विमानात विसरले की काय, असं वाटावं! सगळं गाव बघायला लोटलं. आमची ही म्हणाली, "बघा, जरा माझ्या बहिणीचा नवरा बघा." मी पोट आत ओढून उभा राहिलो, पण माणूस श्वास किती वेळ धरणार? सासुरवाडीत तर कहरच. साडू तीन घासांत हात धुवायला निघाले, तर सासूबाई त्यांच्याजवळ बसून, "अप्पा, एवढंसंच खायलाव व्हय?" म्हणत डोळे पुसायला लागल्या. इकडं मी चार वाट्या हुग्गी संपवली, त्याचं कुणाला काही न्हाई!

त्यांना जन्मभराच्या गोळ्या सांगितल्या होत्या. जीवनसत्त्वांच्या, लोहाच्या, कॅल्शियमच्या. मुलगा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर बरण्या पाठवायचा. पण दारी आलेल्याच्या हातावर काही न ठेवता त्याला परत पाठवणं हे साडूंच्या लेखी पाप. पूर्वी चिवड्याची ताटली यायची आणि अर्धी तेच संपवायचे. आता आपण नुसतं बसायचं आणि पाहुण्यानं एकट्यानं खायचं, याची त्यांना लाज वाटायला लागली. मग चिवड्याऐवजी गोळी आली. "घ्या, अमेरिकेची हाय. ताकद येते." पोस्टमनला गोळी, न्हाव्याला गोळी. गाणगापूरहून आलेल्या पुजाऱ्यांनी तर ती आधी कपाळाला लावली. आणि मी? बारीक होण्याची सगळी किमया त्या बरणीतच आहे, अशी माझी पक्की खात्री. शाळा सुटली की मी हजर. एक गोळी समोर घ्यायचो, आणि साडू पाणी आणायला वळले की दोन खिशात. माझे केस दाट झाले, नखं चकाकली, भूक दुप्पट झाली. पोट तेवढं हललं नाही.

तिसऱ्या वर्षी साडू पांढरेफटक दिसायला लागले. जीभ लालभडक, फणीत केसांचे पुंजके, पायांना सदा मुंग्या. खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं. म्हटलं, उतरली एकदाची अमेरिका! मग एके दिवशी दुकानाची पायरी उतरताना ते कोसळले. गुलबर्ग्याला नेलं. मीच बरोबर होतो.

डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली, साडूंना पत्ता नाही. "तुमच्या आतड्याला वळसा घातलाय. जेवणातलं सत्त्व अंगी लागत न्हाई. गोळ्या घेत होता का न्हाई?"

साडू खाली बघत म्हणाले, "घेत होतो की. उरल्यावर."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. बाहेर बाकावर बसल्यावर मी एका दमात सांगून टाकलं, "साडू, तुमची पाठ वळली की मी दोन-दोन उचलत होतो."

"म्हायती हाय, अण्णा. बरणी मुद्दामच उघडी ठेवायलो होतो."

"आँ? कामून पण?"

"मी खाईनासा झालो आन् मला कुणी जेवायला बोलवंना. पंगतीला शेजारी कोण बसंना. तुम्ही तर मी अमेरिकेहून आलो त्या दिवसानंतर दोन महिने तोंड दाखवलं न्हाई. गोळीसाठी का व्हईना, पुढं रोज यायला लागलाव. तेवढंच बरं वाटायचं."

तिथल्या तिथं जीव द्यावासा वाटला.

इंजेक्शनं सुरू झाली. रक्त भरलं, केसही थोडे आले. पायांतली जाणीव मात्र परत आली नाही. आता रोज संध्याकाळी मी त्यांना फिरायला नेतो. चालता चालता त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटते आणि त्यांना कळत नाही. ते बोलत बोलत तसेच पुढं जातात. आमच्याकडं थोरल्या जावयानं धाकट्याच्या चपलेला हात लावायची रीत नाही. मी दोन पावलं मागं राहतो, ती उचलतो आणि त्यांच्या पायापुढं ठेवतो.

"अण्णा, हे काय करायलाव! लोकं बघायलेत."

"गप पाय घाला."

मग ते माझ्या खांद्याला धरून पाय पुढं करतात, आणि तो चपलेत गेला की नाही, ते खाली वाकून बघतात.