पात्याच्या तोंडाशी

आमच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहायच्या आधी त्यांची पाती येऊन पडली. लांबलचक ट्रेलर घाट चढून आले. त्यांच्यासाठी वळणावरच्या बाभळी तोडल्या, शाळेच्या कुंपणाची भिंत पाडली, आणि मुरमाचा रुंद रस्ता थेट आमच्या पडीक रानापर्यंत नेला. गावात तेव्हा एसटीडीचा पिवळा बूथ नुकताच निघाला होता, चौकातल्या हॉटेलात केबल लागली होती. "सरकारनं आता वारा बी इकायला काढला," असं म्हणून म्हातारी माणसं हसायची. हसून झालं की मात्र एकदा माळाकडं बघायची.

मी त्या घरातली धाकटी सून. थोरल्या जाऊबाईंचा नवरा, म्हणजे माझे मोठे दीर, माझ्या लग्नाच्या आधीच पुण्याकडं कारखान्यात काम मिळतंय म्हणून गेलेले. ते परत आलेच नाहीत. सासरे जाऊन शोधून आले, गावची पोरं तिकडं होती त्यांना विचारून झालं, कुणालाच काही सांगता येईना. आहेत असं म्हणावं तर निरोप नाही, नाहीत असं म्हणावं तर पुरावा नाही. जाऊबाई रोज कुंकू लावायच्या, कामाला वाघिणीसारख्या होत्या, आणि कामापुरतंच बोलायच्या. "पाणी तापलं का," "शेळी सोड," एवढंच. मला त्यांची भीती वाटायची आणि मायाही.

क्रेन दुसऱ्याच कुठल्या डोंगरावर अडकली आणि आमच्या रानातली तीन पाती अख्खा पावसाळा लाकडी ओंडक्यांवर पडून राहिली. पात्याचं एक टोक माशाच्या शेपटीसारखं निमुळतं, गच्च बंद. दुसरं टोक आडाच्या तोंडासारखं गोल आणि आतून पोकळ. माणसानं वाकून आत बसावं एवढं. त्यावर ताडपत्री बांधलेली असायची. एका पात्याची ताडपत्री वाऱ्यानं फाटून उडून गेली, आणि तेव्हापासून त्यातून घागरीत फुंकल्यासारखा आवाज यायला लागला. गुरं त्या बाजूला फिरकेनात. म्हणूनच तिथं गवत माजलं, आणि आम्ही दोघी दुपारी ते कापायला जायला लागलो.

एक दिवस मी भारा बांधून वर बघते तर जाऊबाई दिसेनात. शोधत गेले. त्या पात्याच्या तोंडात बसल्या होत्या. पाय तेवढे बाहेर, बाकी सगळ्या अंधारात.

"आक्का, काय करताव हितं?"

"गार वाटतंय आत," त्या म्हणाल्या.

त्या बाहेर आल्यावर मी नुसतंच डोकं आत घालून "ओ" अशी हाक दिली. आवाज लांब गेला. मला वाटलं, विरला. मग तो माघारी आला, पण जाडसर होऊन, बाप्याचा झाल्यासारखा. मी चटकन मागं सरले. आड-विहिरीत घुमतो तसा आवाज घुमला, एवढंच, असं मी स्वतःला समजावलं. पुन्हा काही डोकं आत घातलं नाही.

जाऊबाई मात्र रोज जायला लागल्या. "तू कापीत ऱ्हा, मी आलेच," म्हणायच्या आणि पात्याच्या पलीकडं जायच्या. मी लांब बांधाच्या कडेला गवत कापत असायचे. वारा माझ्या बाजूला वळला की त्यांचं बोलणं कानावर यायचं. शब्द कळत नसत. त्या बोलायच्या, थांबायच्या, पुन्हा बोलायच्या. एकदा त्या खुदकन हसल्या. त्या घरात आल्यापासून मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी मला राहवलं नाही. विळा हातात घेऊन मी हळूहळू जवळ गेले. जाऊबाई गप्प बसल्या होत्या. आणि आतून कुणीतरी बोलत होतं. शेजारच्या खोलीत माणूस हळू आवाजात काही समजावून सांगत असावा तसं. चढउतार कळत होता, मजकूर नाही. वारा तेव्हा अगदी पडलेला. गवताचं पातंही हलत नव्हतं. मी उलट्या पावलांनी बांधावर आले आणि गवत कापायला लागले. लक्ष सगळं पात्याकडं, त्यात करंगळीला विळा लागला. जाऊबाई आल्या, माझ्या बोटाला पदराची चिंधी बांधली. त्यांचा चेहरा न्हाऊन आल्यासारखा दिसत होता. त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी काही विचारलं नाही. घरातही कुणाला बोलले नाही. काय सांगणार होते?

दिवाळीनंतर क्रेन आली. नारळ फुटले, गुलाल उधळला, पुढाऱ्यांच्या जीपगाड्या माळावर लागल्या. मनोरा आधीच उभा होता. आता एकेक पातं वर जायचं होतं. जाऊबाई गर्दीतून वाट काढत पिवळं हेल्मेट घातलेल्या एका परप्रांतीय माणसाजवळ गेल्या. "ताडपत्री फाटलेलं कोणतं?" त्यांनी विचारलं. त्याला कळेना. कुणीतरी हिंदीत समजावलं. तो म्हणाला, "अम्मा, सब एक जैसा है." त्या तिथंच उभ्या राहिल्या, तिन्ही पाती वर जाईपर्यंत.

मग चक्की फिरायला लागली. उन्हं कलली की तिच्या पात्यांच्या सावल्या आमच्या अंगणावरून, भिंतीवरून, चुलीवरून सरकत जायच्या. लहान लेकरं रडायची. सासूबाई दार लावून घ्यायच्या. जाऊबाई मात्र त्या वेळी ओट्यावर येऊन बसत.

चैत्रातली गोष्ट. मरणाचा उकाडा होता, वाऱ्याचा लवलेश नव्हता. पाती कधीची थांबलेली. आम्ही दोघी ओट्यावर तूर निवडत होतो. अचानक वरून जात्यासारखी घरघर ऐकू आली. बघते तर पाती फिरत नव्हती, ती ज्याला जोडलेली ते मनोऱ्यावरचं चक्कीचं डोकंच वळत होतं. सावकाश त्यानं एक अख्खा फेरा घेतला, मग आणखी एक, आणि आमच्या घराकडं तोंड करून ते थांबलं. आतल्या वायरींना पीळ पडला की तो उलगडायला यंत्र आपोआप असं फिरतं, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी तिथल्या ऑपरेटरनं सांगितलं. त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला.

"झालं," जाऊबाई म्हणाल्या. सूप खाली ठेवून त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, "मामंजी, मला उमापूरला पोचवा. आता हितं ऱ्हाऊन काय करू?" सासरे स्वतः त्यांना माहेरी घेऊन गेले.

तिकडं त्यांनी भावाच्या मदतीनं पिठाची गिरणी टाकली. चांगली चालली. त्यांच्या भाच्याच्या लग्नाला मी उमापूरला गेले, तेव्हा त्या अंगानं भरल्या होत्या, मोकळं बोलत होत्या. दुपारी गिरणी बंद असताना आम्ही दोघीच आत बसलो होतो. माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "तुझे लई उपकार हायेत बघ माझ्यावर."

"माझे? ते कावून?"

"आता कशाला लपवतीस? त्या पात्याच्या दुसऱ्या टोकाला बसून तूच बोलायचीस ना, बाप्याचा आवाज काढून? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हुतं. पर बरं वाटायचं गं. आन् तू खूण सांगितली हुतीस, ती त्या चैतात चक्की घराकडं वळली तवा पटली, तशी मी उठले. न्हाईतर जन्मभर तिथंच बसले असते."

दुसरं टोक बंद होतं. तिथून मुंगीचा आवाजही आत गेला नसता. आणि मी तर बांधावर होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या इतक्या समाधानानं हसत होत्या.

"हो," मी म्हणाले. "मीच."

त्यांनी माझी ओटी भरली. एसटीत बसल्यावर मनात आलं, त्या आवाजानं आणखी काय काय सांगितलं असेल? पण आता ते विचारायची सोयच उरली नव्हती.