व्हिलनची दुर्बीण

मंडळी, आज सकाळी एका वॉचमनने माझ्या पप्पांना हटकलं. कारण काय, तर गळ्यात दुर्बीण!

नव्वदच्या आसपास पप्पा अंबरनाथला फॅक्टरीत सिक्युरिटीला होते. एकदा त्यांनी फॅक्टरीच्या भिंतीबाहेर दुर्बीण लावून उभा असलेला माणूस पकडला. बघतात तर पिक्चरमधला नावाजलेला व्हिलन! पडद्यावर बॉम्ब लावणारा माणूस फॅक्टरीपाशी दुर्बीण घेऊन, म्हणजे पप्पांची खात्रीच पटली.

तो हात जोडून म्हणाला, "भाईसाब, पहले ऊपर तो देखो."

समोरच्या उंबरावर पिवळाधमक हळद्या पक्षी बसला होता. तासभर दोघं माना वर करून उभे! जाताना त्याने दुर्बीणच पप्पांना देऊन टाकली.

रिटायर होऊन बदलापूरला आल्यापासून पप्पा त्या फॅक्टरीकडे गेले नव्हते. आज हट्टाने मला घेऊन गेले. उंबराच्या जागी टॉवर आहे.

वॉचमन म्हणाला, "अंकल, किसके घर में झाँक रहे हो?"

"अरे बाबा, पहले ऊपर तो देखो," पप्पा म्हणाले.

त्याने खरंच वर बघितलं. आम्हीही. शेवटच्या मजल्यापर्यंत नुसत्या जाळ्या, कबुतरं येऊ नयेत म्हणून लावलेल्या.

"क्या है ऊपर?" त्याने विचारलं.

 पप्पांनी गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या पिशवीत टाकली.

तुमच्याकडे हळद्या शेवटचा कधी दिसला, आठवतंय का कुणाला?