उपाशी नवरी

अक्षय तृतीयेला मी किन्हीराजा गावी बहिणीच्या सासरी गेले होते. तिची सहा वर्षांची मुलगी अंगणात बाहुलीचं लग्न लावणार होती आणि नवरीचं पोलकं शिवायचं काम माझ्याकडे आलं. मला बरंच वाटलं. हातात सुई असली की कुणी फार बोलायला लावत नाही.

बाहुली वाशीमच्या बाजारातली, गुलाबी, प्लॅस्टिकची. छातीचं माप बरोबर आलं की कमरेला कापड ढगळ व्हायचं. मी पुन्हा पुन्हा उसवत राहिले. एवढ्याशा कमरेत पोट मावणार कुठे, असं मनात आलं. शाळेत असताना माझ्याकडेही अशीच बाहुली होती, तेव्हा हे कधी मनात आलं नव्हतं.

अक्षता पडल्या, पंगत बसली. पुरणपोळी आणि आमरस. भाचीनं ताट दूर सरकवलं.

"काहून वं, जेवत काहून नाहीस?" बहिणीच्या सासूबाईंनी विचारलं.

"नवरी उपाशी हाय. मी बी."

"अवं, लगन लागलं ना! आता नवरी बी जेवते."

"करवली लय मनावर घेऊन राह्यली!" शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या.

मी भाचीच्या शेजारीच होते. हळूच विचारलं, "भूक नाही का?"

"हाय ना. पण जेवलं का कंबर अशी राहत नाही." तिनं बाहुली दाखवली. मग माझ्या ताटाकडे बोट केलं. "तू बी तं अर्धीच खातं. अन् फोटो काढतानी पोट आत घेतं. मी पाह्यलं."

ताटात खरंच अर्धी पोळी होती. रील पाहताना मी त्यातल्या मुलींच्या कमरा पाहते, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

शरीर जसं आहे तसं चांगलं, हे तिला समजावायची वाक्यं मला फक्त शाळेत शिकलेल्या इंग्रजीत येतात. तिथे त्यांचा उपयोग नव्हता. त्या घरात मी आजवर काही मागून घेतलं नव्हतं. मान वर करून म्हणाले, "काकू, मला अजून एक पोळी. तूप पण."

"घ्या! पाहुणी बोलली एकदाची!" सासूबाईंनी दोन वाढल्या.

मी तुपात बुडवून पहिला घास घेतला. भाची माझ्या हाताकडे नाही, पोटाकडे पाहत होती. मी ते आत घेतलं नाही. मग तिनं बाहुली पाटावरून उचलून मागे ठेवली आणि आमरसाची वाटी जवळ ओढली. पोळीला मात्र हात लावला नाही.